चार मिनिटांच्या माईकसाठी घरी पाच तास मागा

नमस्कार! नोकरी, मुलगी, सासूबाई, स्वयंपाक हे सगळं सांभाळून स्टँडअप कधी करतेस, असं मला सारखं विचारलं जातं. आज त्या 'कधी'चंच उत्तर देते, तारखांसकट.

(भिंतीवरचं कालनिर्णय काढून कॅमेऱ्यासमोर धरते.)

मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. ही तीन लाल वर्तुळं त्यांचीच. त्यांच्या आधीच्या दोन-दोन रात्री मी कुठेही जात नाही. हिरव्या पेनाने मुलीच्या परीक्षा. मग जे रिकामं उरतं त्यातून स्टँडअपच्या ओपन माईकसाठी दोन संध्याकाळी निवडायच्या, बहुतेक २१ तारखेनंतरच्या. महिन्याला दोनच. रिटर्नच्या हंगामात आणि मार्चमध्ये एकही नाही. त्या दोन तारखा १ तारखेलाच घरात सगळ्यांसमोर सांगून टाकते. मध्येच कुणी फोन केला, 'एक स्पॉट रिकामा झालाय, येतेस का?' तर नाही म्हणते. जीव तुटतो, पण नाही म्हणते.

आता ओपन माईक म्हणजे नेमकं काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. नवे-जुने कॉमेडियन एकामागून एक येऊन आपले विनोद करून बघतात, तो कार्यक्रम. त्यातली आपली वेळ म्हणजे 'स्पॉट'. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फॉर्म भरून नाव द्यायचं. सगळ्यांना स्पॉट मिळतोच असं नाही. मिळाला तर चार ते पाच मिनिटं. साडेसातला पोचायचं, होस्ट क्रम सांगतो, पंधरा-वीस जणांत आपला नंबर अकरावा. वेळ संपत आली की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात, त्याला 'लाईट' म्हणतात. लाईट दिसला की आवरायचं. आणि आपलं झालं म्हणून उठून निघायचं नाही. बाकीच्यांनी आपलं ऐकलं, आपणही त्यांचं ऐकायचं. मी पिंपरीहून डेक्कनला मेट्रोने जाते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून. जाणं, थांबणं, चार मिनिटं, परत येणं, सगळं मिळून पाच तास होतात.

म्हणून घरी कधीही 'चार मिनिटांचं तर काम आहे' म्हणू नका. पाच तास मागा. पहिल्या वर्षी आमच्याकडे जितके वाद झाले, त्यातले बहुतेक स्टँडअपवरून नव्हते. मी 'नऊपर्यंत येते' म्हणून अकराला आले, त्यावरून होते. आता आकडा खरा असतो, आणि त्याची परतफेडही ठरलेली असते. माझ्या दोन संध्याकाळी नवरा बघतो: जेवण, गृहपाठ, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गोळ्या. त्याचे दोन रविवार सायकलिंगचे, तेव्हा दुपारपर्यंत मी त्याला एकही काम सांगत नाही.

लिहिण्यासाठी मात्र रात्र लागत नाही. दर सेट, म्हणजे स्टेजवरची ती चार-पाच मिनिटं, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ऐकते. हशा कुठे आला, किती उशिरा आला, कुठे मी उगाच समजावत बसले, सगळं कळतं. एक उदाहरण देते. आमच्या कुकरवर माझं एक बिट, म्हणजे एका विषयावरचा विनोदाचा तुकडा, आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी आख्खं स्वयंपाकघर वर्णन केलं. किती खोल्या, गॅस कुठे, कुकर किती लिटरचा. पन्नास सेकंद कुणी हसलं नाही. कापत कापत आता ते एवढंच राहिलंय: घरून काम चाललंय, कॉल चालू आहे, साहेब विचारतात, "एन्ट्री किती झाल्या?" आणि स्वयंपाकघरातून आई ओरडतात, "तीन! चौथी झाली की बंद कर!" बस. ही काटछाट मेट्रोत आणि ओट्यापाशी झाली, तीन महिन्यांत.

हे बिट आईंना मान्य आहे आणि साहेबांनाही विचारलेलं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण त्याआधीचं एक बिट मी न विचारता केलं होतं. आईंच्या कानाच्या मशीनवर, दीड मिनिटाचं. हशाही भरपूर आला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि ते फिरत फिरत नात्यातल्या ग्रुपवर पोचलं. एका लग्नात, पंगतीत, आईंना ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. घरी येऊन त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त आठ दिवस त्यांनी मशीन लावलं नाही. नात हाक मारायची आणि त्यांना ऐकू यायचं नाही. मी माफी मागितली, ते बिट पुन्हा कधी केलं नाही. पण ते आठ दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

तेव्हापासून घरातल्या माणसावरचं प्रत्येक बिट आधी त्या माणसासमोर बसून पूर्ण म्हणून दाखवते. मेसेजवर 'चालेल ना?' विचारत नाही. समोरचा नाही म्हणाला तर विषय संपला, कारणही विचारत नाही. मुलीवर काहीच करत नाही. ती आठ वर्षांची आहे, आज आनंदाने हो म्हणेल. पण दहावीत तेच तिच्या वर्गातल्या मुलांना सापडलं तर?

नोकरी करून रंगमंचावर उभं राहणं आपल्याकडे नवीन नाही. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी कितीतरी माणसं ऑफिस सुटल्यावर तालमीला जात आली आहेत. 'हौशी' हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो, तो कुणी कमीपणाने वापरला की वाईट वाटतं. पण नाटकात बहुतेक वेळा शब्द लेखकाचे असतात आणि सोबत चार माणसं असतात. स्टँडअपमध्ये शब्द आपले, आणि बराचसा कच्चा माल घरचा. त्यामुळे घराशी बोलणं आपल्याला जास्त लागतं.

ऑफिसचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर १९६४चे वर्तणूक नियम वाचा. १५व्या नियमात अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक कामाला पूर्वपरवानगीशिवाय मुभा आहे, कर्तव्यात बाधा येत नसेल तर. पण ९वा नियम सरकारी धोरणांवर जाहीर टीका करू देत नाही, तेव्हा राजकीय बिट करण्याआधी विचार करा. खासगी नोकरीत नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते बघा. मी अशिलांवर एक शब्दही बोलत नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. लोक त्यांच्या पैशांचे कागद विश्वासाने आमच्याकडे देतात. आणि मानधन मिळालं तर, पाचशे रुपये का असेना, रिटर्नमध्ये दाखवा.

या महिन्याचा माझा स्पॉट २५ तारखेला आहे. नवीन बिट आईंच्या भिशीवर आहे. उद्या सकाळी चहाच्या वेळी त्यांना म्हणून दाखवणार आहे. त्या हो म्हणाल्या तर २५ला करेन, नाहीतर कुकरचंच करेन.