इंडँथ्रीन: नावात नीळ, रेणूत नाही

(दृश्य: लोखंडी मेजावर उघडा डबा, आत काळपट निळा लगदा)

हा इंडँथ्रीन ब्लू आरएसएन. सुती कापडावरच्या सर्वांत पक्क्या कृत्रिम निळ्या रंगांपैकी एक.

त्याचं नाव दोन शब्द कापून जोडलेलं आहे: इंडिगो आणि अँथ्रासीन. इंडिगोच्या मुळाशी ग्रीक 'इंडिकॉन' आहे, म्हणजे हिंदुस्थानातून आलेली वस्तू. अँथ्रासीन निघतं कोळशाच्या डांबरातून, आणि ग्रीकमध्ये 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. फोड केली की एकीकडे हिंदुस्थान, दुसरीकडे कोळसा.

हे नाव १९०१ सालचं. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कारखान्यानं १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली होती. तिथले रसायनतज्ज्ञ रेने बोन यांनी निळीचीच रीत अँथ्रासीनच्या घराण्यावर चालवून पाहिली. अमिनोअँथ्राक्विनोनला (अँथ्रासीनपासून बनणारं एक रसायन) क्लोरोॲसिटिक आम्लाची जोड दिली आणि ते वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवलं. निळा रंग मिळाला, म्हणून नाव पडलं 'अँथ्रासीनची नीळ'. पुढं कळलं, की ते आम्ल लागतच नाही. अमिनोअँथ्राक्विनोनचेच दोन रेणू एकमेकांना जुळतात आणि रंग तयार होतो. त्यात निळीचा सांगाडा कुठेच नाही. तोच घाणा आणखी कडक तापवला तर निळ्याऐवजी पिवळा फ्लॅव्हँथ्रीन निघतो. 'फ्लेव्हस' म्हणजे लॅटिनमध्ये पिवळा. या पिवळ्या भावंडाचं काम पुढं आहेच.

(दृश्य: स्टीलचं भांडं, थर्मामीटर, सुताच्या लडी)

नावावर विसंबून याला निळीसारखं वागवलं, तर रंगकाम बिघडतं.

एक किलो सूत, वीस लिटर पाणी, दोन टक्के रंग, म्हणजे वीस ग्रॅम. रंग आधी टर्की रेड ऑइल (एरंडेलापासून केलेलं, पाण्यात मिसळणारं तेल) आणि थोड्या गरम पाण्यात गुठळी न राहता कालवायचा. भांड्यातलं पाणी ६० अंशांवर आणायचं. त्यात १२० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवायचा, मग ८० ते १०० ग्रॅम हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. एरवी पाण्यात न विरघळणारा रंग हायड्रोमुळे विरघळतो, आणि हवा लागली की पुन्हा न विरघळणारा, पक्का होतो. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. हायड्रोचा डबा कोरडाच हवा. ओल लागली की ते आपोआप तापतं आणि पेटूही शकतं.

आता कालवलेला रंग घालून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. निळीचं द्रावण तयार झालं की पिवळट हिरवं दिसतं, त्यावरून रंगारी ओळखतो. इंडँथ्रीनचं विरघळलेलं रूपही निळंच असतं, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. इथे पिवळं भावंड कामाला येतं. फ्लॅव्हँथ्रीन लावलेली पिवळी कागदपट्टी द्रावणात बुडवायची. ती झटकन निळी झाली तर हायड्रो पुरेसं आहे. पिवळीच राहिली तर हायड्रो संपलंय, थोडं आणखी घालायचं. ही पट्टी रंगवण चालू असतानाही अधूनमधून लावून पाहावी, कारण हवेतला ऑक्सिजन हायड्रो सतत खात असतो.

छटापत्रिकेवर या रंगापुढे 'आयएन' ही अक्षरं असतात. त्यातला 'आय' इंडँथ्रीनचाच: आयएन म्हणजे नॉर्मल, गरम आणि जास्त कॉस्टिकची रीत, आयडब्ल्यू कोमट, आयके थंड. कोमट आणि थंड रीतीत मीठ लागतं. आयएनमध्ये मीठ घालायचं नाही.

ओल्या लडी घालून पाऊण तास ते एक तास ६० अंशांवर फिरवत राहायच्या. लडी द्रावणाबाहेर राहिली तर तेवढ्या जागी रंग हवेनं आधीच पक्का होतो आणि डाग पडतो. कॉस्टिक कमी पडलं तर रंग गाळ होऊन खाली बसतो. तापमान ६० च्या बरंच वर गेलं तर हायड्रो रंगाला गरजेपेक्षा पुढं नेतं, द्रावण तपकिरीकडे झुकतं आणि सुतावर छटा मळकट, फिकी उतरते. हे टाळायला ग्लुकोज किंवा सोडियम नायट्राइट आधीच घालून ठेवतात.

मग लडी पिळून हवेत दहा-पंधरा मिनिटं पसरायच्या, धुवायच्या आणि साबणाच्या उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या: लिटरला दोन ग्रॅम साबण, एक ग्रॅम धुण्याचा सोडा. वेळ वाचवायला हाच टप्पा गाळला जातो, आणि ते फार महागात पडतं. उकळीत धाग्यातले रंगाचे कण एकत्र येऊन स्थिरावतात. खरी छटा तेव्हाच उघडते, आणि घासल्यावर सुटणारा वरवरचा रंगही निघून जातो.

उन्हाला आणि साबणाला हा निळा दाद देत नाही. ब्लीचपुढे मात्र तो हिरवट पडतो. क्लोरीन रेणूतले दोन हायड्रोजन काढून घेतो, म्हणून हे होतं. गरम पाण्यात थोडं कॉस्टिक आणि हायड्रो घालून कापड फिरवलं की ते हायड्रोजन परत मिळतात आणि निळा पुन्हा येतो. कापड वारंवार ब्लीचमध्ये जाणार असेल, तर आरएसएनऐवजी क्लोरीन जोडलेला ब्लू बीसी घ्यावा.