हात लावण्याआधी

मित्रहो, तुमच्यातले बहुतेक जण फिजिओ, स्पोर्ट्स डॉक्टर किंवा प्रशिक्षक आहात, म्हणूनच आज मी लॅरी नासरच्या प्रकरणावर बोलणार आहे. तो माणूस आपल्यासारखंच काम करणारा होता आणि गुन्हा लपवायला त्याने तेच काम वापरलं.

नासर अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता, मिशिगन स्टेट विद्यापीठातही होता. दुखापतीवरचा उपचार म्हणून तो मुलींवर अत्याचार करायचा. कित्येकदा आई त्याच खोलीत बसलेली असे, आणि तिला काही दिसणार नाही असा तो उभा राहायचा. ‘पालक सोबत होते’ म्हणून आपण निर्धास्त होतो, ते किती पोकळ आहे पाहा. 2014 मध्ये एका तरुणीने विद्यापीठाकडे तक्रार केली, तर मत विचारलं गेलं ते त्याच्याच ओळखीतल्या तज्ज्ञांना. हा वैद्यकीय उपचारच आहे, असं त्यांनी सांगितलं आणि तो पुन्हा कामावर आला. 2016 मध्ये त्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या माजी जिम्नॅस्ट रेचल डेनहॉलंडर स्वतःच्या नावानिशी वर्तमानपत्राशी बोलल्या, तेव्हा कुठे दार उघडलं. जानेवारी 2018 मध्ये कोर्टात 7 दिवस दीडशेहून अधिक जणींची निवेदनं ऐकली गेली.

टेक्सासमधल्या कॅरोली या जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक दांपत्याच्या शिबिरात पालकांना प्रवेश नसे आणि मुलींच्या खाण्यावर करडी नजर असे. तिथे नासर गुपचूप खाऊ आणून द्यायचा, विचारपूस करायचा. त्या कडक जागेतला सगळ्यात प्रेमळ माणूस तोच! अशी मुलगी मोठी होऊन, दुखरा गुडघा घेऊन तुमच्याकडे येते. तुम्ही आपुलकीने पाठीवर हात ठेवता, ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणता. हे तिने आधी ऐकलेलं आहे. पुढच्या मिनिटाला नेमकं काय होणार, हे तिला आधी कळायला हवं असतं.

म्हणून कुठे हात लावणार, कशासाठी, किती वेळ, हे आधी सांगा. ती नको म्हणाली तर दुसरा कोणता उपाय आहे, तेही सांगा. परवानगी दर वेळी नव्याने घ्या. कालचा होकार आज चालत नाही. सोबत कोण हवं, दार उघडं हवं का, हे तिला ठरवू द्या. पालथं न झोपवता, बसवून काम होत असेल तर तसं करा. आणि ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं कृपा करून धरू नका. दुखलं तरी बोलायचं नाही, सर सांगतील ते करायचं, हे खेळाडू लहानपणीच शिकतो. भीतीने गोठलेलं अंग बाहेरून शिस्तीसारखंच दिसतं. श्वास रोखला गेला, नजर छताला खिळली, उत्तरं तुटक झाली, की हात काढून घ्या आणि थांबा.

मुलग्यांबाबतही हेच. इंग्लंडमध्ये 2016 साली फुटबॉलपटू अँडी वुडवर्ड लहानपणी प्रशिक्षकाने केलेल्या अत्याचाराबद्दल बोलले आणि त्यांच्यामागून शेकडो पुरुष पुढे आले.

खेळाडूने असं काही सांगितलंच, तर? ऑलिंपिक विजेती जिम्नॅस्ट मॅकायला मरोनी हिने 2015 मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याला नासरबद्दल फोनवर सगळं सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, ‘एवढंच?’ 2021 मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर तिने ही आठवण सांगितली. एफबीआयला कळल्यानंतरही नासर वर्षभराहून जास्त काळ मिशिगनमध्ये पेशंट तपासत होता.

तुम्ही तपशील उकरू नका. ‘सांगितलंस, बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे,’ एवढं म्हणा आणि ती थांबेल तिथे थांबा. आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव द्या, पण गुडघ्याचे उपचार सोडू नका. ‘तिकडे जा’ म्हणून हात झटकले, तर बोलल्याची शिक्षा झाली असंच तिला वाटेल.

खेळाडू 18 वर्षांखालील असेल तर आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 लागू होतं आणि पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. आपल्याला काय करावं लागेल, हे त्या मुलाला किंवा मुलीला आधीच समजावून सांगा. मुलांसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लावा.

सज्ञान खेळाडूने तक्रार करायची का, खेळत राहायचं का, हे तिचं तिने ठरवायचं. निवड चाचणी जवळ आली की प्रशिक्षकाचा फोन येईल, ‘हिचं काय चाललंय?’ म्हणून. त्यांना गुडघ्याबद्दल तिने परवानगी दिली असेल तेवढंच सांगा.