सोळा धावांत आठ

नमस्कार श्रोतेहो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत सगळ्यात थोर कोण, हा वाद एखाद्या क्रिकेटवेड्या घरात सुरू झाला की ताटातलं जेवण गार होतं. आमच्या घरी तर कित्येकदा झालंय. मनगटाने फिरवणारे आज बाजूला ठेवू. आपण बोलतोय ते बोटांनी चेंडू वळवणाऱ्यांबद्दल. उजव्या हाताच्या फलंदाजाला टप्प्यावरून बाहेर जाणारा चेंडू, आणि तसाच दिसून हाताबरोबर सरळ आत घुसणारा. बास, एवढंच भांडवल. त्याच्यावर या माणसांनी जग जिंकलं.

आकड्यांनी ठरवायचं म्हटलं तर वाद लगेच संपतो. श्रीलंकेचा रंगना हेराथ, 93 कसोटींत 433 बळी. डावखुऱ्या फिरकीत त्याच्या पुढे कुणी नाही. शिवाय त्यातले बहुतेक बळी मुरलीधरन निवृत्त झाल्यावरचे, म्हणजे वयाच्या बत्तिशीनंतरचे. त्याच्यामागे न्यूझीलंडच्या व्हेटोरीचे 362. आपल्या रवींद्र जडेजाने 2024 साली कानपूरला तीनशेचा टप्पा गाठला. इंग्लंडच्या डेरेक अंडरवुडचे 297. अंडरवुडच्या काळात तिथे खेळपट्ट्या पावसात उघड्या असायच्या. पाऊस थांबून ऊन पडलं, खेळपट्टी वाळायला लागली, की अंडरवुडला खेळणं म्हणजे अंधारात जिना उतरणं. 1968 साली ओव्हलवर प्रेक्षकांनी स्वतः मैदानात उतरून पाणी टिपलं, आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना त्याने ऑस्ट्रेलियाला गुंडाळलं. त्याच्याही आधीचा इंग्लंडचाच हेडली व्हेरिटी. कसोटीत ब्रॅडमनला आठ वेळा बाद केलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाला, पकडला गेला आणि 1943 साली इटलीत वारला. अडतीस वर्षांचा होता.

आणि आपले बापू नाडकर्णी. नाशिकचे. 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटकं निर्धाव. पुन्हा सांगतो, सलग 21 षटकं, एकही धाव नाही. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचे. आता निर्धाव षटकाचं कौतुक कुणाला राहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला चार षटकं मिळतात. चार षटकांत फलंदाजाची ओळख तरी होते का? त्याचा पाय कुठे पडतो, तो कशाला कंटाळतो, हे कळायलाच तास जातो. पण ते असो.

मला आज खरं सांगायचंय ते 1973 सालचं. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मद्रासचं चेपॉक, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. मुंबईने त्याआधी सलग चौदा वर्षं करंडक घरी आणलेला. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, दोघेही फिरकीचे बादशहा. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. मुंबई 151 धावांत आटोपली. आमच्या लालबागच्या चाळीत त्या संध्याकाळी कुणी फारसं बोललं नाही.

पण मुंबईकडे पद्माकर शिवलकर होता. पॅडी. मुंबईतल्या क्लबांच्या कांगा लीगच्या भर पावसाळ्यातल्या, चिखलाच्या खेळपट्ट्यांवर वाढलेला. चार पावलं यायचा, हात कानाजवळून सरळ वर, आणि चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या वर जाऊन खाली उतरायचा. फलंदाजाला वाटायचं, पोचलो. पोचलेला नसायचा. तामिळनाडू 80 सर्वबाद. शिवलकरचे आठ बळी, धावा किती? सोळा. सोळा धावांत आठ!

वडील दुसऱ्या दिवशी पेपरातला धावफलक मोठ्याने वाचायचे आणि मी तो गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायचो. आठच्या आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. मग मुंबईचा दुसरा डाव 113. तामिळनाडूचा दुसरा डाव कोसळायला लागला. शिवलकर एका टोकाने, एकनाथ सोलकर दुसऱ्या टोकाने. दुसरा दिवस संपला तेव्हा शेवटची जोडी मैदानात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर पाठीला लावून तयार, पण वडील म्हणाले, "थांब जरा, संपल्यावर जा." आमचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की आधी आतला पिवळा दिवा लागायचा, मग धुळीचा तापलेला वास यायचा, आणि अर्ध्या मिनिटाने कुठे आवाज उमटायचा. शेजारचे काका उंबऱ्यात येऊन बसले. आईने चहा ठेवला. दिवा लागला. वास आला. आवाज आला तो टाळ्यांचा. खेळाडू पॅव्हेलियनकडे निघालेसुद्धा होते! दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला होता. पहिल्याच चेंडूवर. तामिळनाडू 61 सर्वबाद, मुंबई 123 धावांनी विजयी, सलग पंधरावा करंडक. वडिलांनी रेडिओ बंद केला नाही. पुढे कितीतरी वेळ तो तसाच चालू होता, आणि चहा उतू गेला होता.

त्या सामन्यात शिवलकरचे तेरा बळी. आधी सोळा धावांत आठ, मग अठरा धावांत पाच. प्रथम श्रेणीत एकूण 124 सामने, 589 बळी. कसोटी सामने? एकही नाही.

कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होता. 67 कसोटी, 266 बळी. फलंदाजाने षटकार मारला तर स्वतः टाळ्या वाजवणारा, आणि पुढचा चेंडू आणखी उंच देणारा. बेदीला बसवून शिवलकरला घ्या, असं मीही म्हणणार नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच झालं, रणजीत 637 बळी, कसोटी शून्य. 2017 साली क्रिकेट मंडळाने दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. पण एका संघात दोन डावखुरे फिरकीपटू चालत नाहीत, हा नियम कुणी केला? चेपॉकच्या त्या खेळपट्टीवर दोन काय, तीनही चालले असते.

म्हणून श्रोतेहो, कसोटीच्या बळींवर लावलेली यादी मला मान्य नाही. माझी यादी अशी. पहिला बेदी. दुसरा पद्माकर शिवलकर. तिसरा हेराथ, कारण त्याने वाट पाहिली आणि त्याला वाट मिळाली. चौथ्या जागेसाठी व्हेरिटी आणि बापू, तिथे तुम्ही भांडा, मी ऐकून घेईन. दुसऱ्या जागेबद्दल मात्र ऐकणार नाही. 3 मार्च 2025 ला शिवलकर गेले, त्या रात्री मी ती गणिताची वही माळ्यावरून खाली काढली. पेन्सिल पुसट झाली आहे. आठखालच्या दोन रेघा अजून दिसतात.

नमस्कार.