पुठ्ठ्यावरचा काळा चौकोन

(दृश्य : प्रिंटरमधून सरकत बाहेर येणारा कागद)

जाड काळ्या कडेचा चौकोन, ८ सेंटिमीटरचा. आत पांढऱ्यावर चार रोमन अक्षरं : ‘Hiro’ (हिरो). मागे वहीचा पुठ्ठा चिकटवला. बाकी सामान म्हणजे एक साधा वेबकॅम आणि जुना लॅपटॉप.

(दृश्य : हातात पुठ्ठा, शेजारी लॅपटॉपचा पडदा)

पडद्यावर बघा. पुठ्ठ्यावर निळा ठोकळा बसलाय. मनगट वळलं की ठोकळा वळतो, पुठ्ठा कॅमेऱ्याजवळ नेला की मोठा होतो. माऊस नाही, बटण नाही. वस्तू हातात धरून कशी फिरवायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

हिरोकाझू कातो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी अमेरिकेत सिअ‍ॅटलला, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९९९ च्या सुमारास हे घडवलं. नाव ‘एआरटूलकिट’. एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी : कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र बसवणं. पुढे त्याचा कोड मुक्त परवान्याखाली सगळ्यांना मिळाला. आपल्या टेबलावर आज तो चालतोय, तो त्यामुळेच.

(दृश्य : कॅमेऱ्याचं चित्र काळंपांढरं होतं, चार कोपऱ्यांवर ठिपके)

संगणक आधी चित्रातले करडे रंग काढून टाकतो. उरतं नुसतं काळं आणि पांढरं. मग चार सरळ बाजूंचा आकार शोधायचा आणि कोपरे पकडायचे. चौकोन मुळात केवढा आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे चित्रात ते चार कोपरे कुठे पडले, एवढ्यावरून पुठ्ठा किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला कललाय, याचा हिशेब लागतो. हे एकदाच नाही; कॅमेऱ्याच्या दर चित्राला, नव्यानं.

मग आतली अक्षरं कशाला? चौकोन चारही बाजूंनी सारखाच, त्याची वरची बाजू कुठली हे कसं कळणार? म्हणून आतली नक्षी चारही दिशांनी ताडून पाहिली जाते. मध्ये नुसता गोल काढला असता, तर गाडी इथंच अडली असती.

(दृश्य : अंगठा काळ्या कडेवर सरकतो, ठोकळा नाहीसा)

हा अंगठा. कड झाकली, चौकोन तुटला, ठोकळा गेला. अंगठा काढला, आला परत.

(दृश्य : दांडा लावलेला मार्कर)

२००० साली कातो आणि सहकाऱ्यांनी टेबलावर संगणकाच्या चित्रातली खोली मांडून दाखवली. त्यात मार्कर, म्हणजे असाच छापलेला चौकोन, एका दांड्याच्या टोकाला होता, उलथन्यासारखा. पुस्तकाच्या पानावर दिसणारी आभासी खुर्ची त्यावर घ्यायची, खोलीत न्यायची, कलती करून सोडायची.

(दृश्य : बाहुलीचं डोकं, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, दोन हात)

ही मांडणी आपली, कल्पना एआरटूलकिटहूनही जुनी. १९९४, व्हर्जिनिया विद्यापीठ. केन हिंकली, रँडी पॉश आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या सर्जनांच्या एका हातात बाहुलीचं डोकं दिलं, दुसऱ्या हातात प्लास्टिकचा तुकडा. दोन्हींना जागा सांगणारे सेन्सर. डोकं फिरवलं की पडद्यावर रुग्णाचा मेंदू फिरे. तुकडा डोक्याला जिथं लावला, तिथला छेद दिसे. नजर पडद्यावरून हलवायची गरज नव्हती, कारण डावा हात कुठं आणि उजवा कुठं, हे हातांना ठाऊकच असतं. ही यंत्रणा आधी न पाहिलेल्या सर्जनांनाही जुजबी ओळख पुरली. तेव्हा डोक्यावर चढवायचा चष्मासुद्धा नव्हता यात, साधा संगणकाचा पडदा होता!

आता फोन मार्करशिवायही टेबल-भिंती ओळखतात आणि महागडे चष्मे हवेत घेतलेली चिमटी. त्या चिमटीत बोटांना काहीच लागत नाही, ते वेगळं.

(दृश्य : कात्री, कागद)

छापणार असाल तर चकचकीत कागद नको, दिव्याची चमक आली की कड हरवते. आणि काळ्या रेघेलगत कापू नका. भोवती पांढरी पट्टी राहू द्या, कॅमेऱ्याला ती लागते.