हलू नका, दूध वर येतंय

श्रोतेहो, नमस्कार. संक्रांत झाली, तिळगूळ देऊन-घेऊन झाला. आता डब्याच्या तळाशी दोन-चार वड्या उरल्या असतील, दात शाबूत असलेल्यांनीच खाव्यात अशा. येत्या रविवारी, २५ जानेवारी २०२६ला, रथसप्तमी. म्हणजे हळदीकुंकवाचे मोजून अकरा-बारा दिवस. माझी एक मैत्रीण परवा वैतागून म्हणाली, ‘अगं, मागे एकदा महिनाभर मिळाला होता, यंदा काय झालं?’

तिचं बरोबर आहे. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला. चांगला महिना! २०२५ साली रथसप्तमी आली ४ फेब्रुवारीला आणि यंदा थेट जानेवारीतच. याचं कारण साधं आहे. संक्रांत चालते सूर्यावर, रथसप्तमी चालते चंद्राच्या तिथीवर. माघ शुद्ध सप्तमी. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून ती दर वर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारते. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी रथसप्तमी १३ फेब्रुवारीला. पुन्हा सांगते, संक्रांत सूर्याची, रथसप्तमी चंद्राची. गंमत बघा, सण सूर्याचा आणि तारीख ठरवतो चंद्र.

बरं, संक्रांत तरी जागची हलत नाही असं समजू नका. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. म्हणजे साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एखादा दिवस ती पुढे सरकते. कधी १४ला, कधी १५ला म्हणून घरात वाद घालू नका. भिंतीवर कालनिर्णय लावा आणि त्यात बघा. मोबाइलवर तिथी शोधताना माणूस भलतंच काहीतरी बघत बसतो.

आता हळदीकुंकवाचा विषय निघालाच आहे, तर वाण लुटताना त्या प्लॅस्टिकच्या चाळण्या आणि साबणदाण्या कृपा करून थांबवा. माझ्या घरी सात आहेत. चाळण्या! आणि दुसरं. १८५२ साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा कुठल्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांनी एकाच जाजमावर बसायचं, असं आमंत्रणातच कळवलं होतं. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करायला २०२२ साल उजाडावं लागलं. मधली एकशे सत्तर वर्षं आपण काय करत होतो? असो. मला सांगायचंय ते दुधाचं.

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून, छोट्या बोळक्यात दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, हे तुम्हाला माहीत आहेच. एरवी दूध उतू गेलं की बोलणी बसतात, या एका दिवशी ते मुद्दाम घालवायचं.

माझी आजी साताऱ्याची. आजोबा लवकर गेले. त्यानंतर हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, आणि तीही कधी त्याबद्दल बोलली नाही. पण रथसप्तमीचं दूध तिचं. पाटावर रक्तचंदनाने सात घोड्यांचा रथ काढायचा, तोही तिनेच. घोडे कुत्र्यांसारखे दिसायचे, पण सात मोजून असायचे. ‘सूर्याला कुंकू लागत नाही,’ एवढंच एकदा म्हणाली होती.

मी सातवीत असताना आम्ही वाडा सोडून पुण्याला फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला. आजीही आली आणि तिच्याबरोबर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच गोवऱ्या आल्या. बाल्कनीत समोरच्या इमारतीमुळे नऊ वाजेपर्यंत ऊन येत नसे. मग गच्ची. बाबांनी आदल्या दिवशी किल्ली आणून ठेवली. कशाला हवी, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

सकाळी सातला आम्ही वर. आजी, मी, आणि ऑफिसची घाई असलेले बाबा. तीन विटा, गोवऱ्या, संक्रांतीचं राखून ठेवलेलं सुगड आणि त्यात पिशवीचं दूध. गोवऱ्या पेटल्या, पण गच्चीवर वारं असं की जाळ सुगडाखाली राहीचना, आडवाच पळायचा. धूर मात्र भरपूर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दुधावर साय धरली आणि त्या सायीवर राख. बाबा घड्याळ बघतायत. म्हणाले, ‘आई, खाली गॅसवर उतू घालवू का?’ आजीने नुसतं बघितलं. मग दुधाकडे बघून म्हणाली, ‘या पिशवीतल्या दुधाला उतू जायचंसुद्धा अंगात नाही.’

तेवढ्यात जिन्यात धावपळ. खालून कुणीतरी धूर पाहिला आणि गच्चीला आग लागली म्हणून आरडाओरडा केला. सगळ्यात पुढे सोसायटीचे सेक्रेटरी. अंगाने भरभक्कम, डोक्याला माकडटोपी, हातात पाण्याने भरलेली बादली. आग नाही, तीन विटा आहेत, हे बघून ते अधिकच चिडले. सुगडाच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले आणि सुरू झाले. वॉटरप्रूफिंग, नियम, जनरल बॉडी, परवानगी...

आणि श्रोतेहो, जाळ सरळ झाला! सेक्रेटरीकाकांच्या आडोशाने वारं अडलं, गोवऱ्या लालभडक फुलल्या आणि सुगडाच्या कडेला बुडबुडे आले. ते पाय मागे घेणार, तोच आजी ओरडली, ‘अहो, हलू नका तिथून!’

तो माणूस हलला नाही हो! बादली हातात तशीच. मागे जिन्याच्या तोंडाशी सात-आठ जण, कुणी पायजम्यात, कुणी तोंडात ब्रश धरून. दूध वर आलं, साय फुगली, थांबल्यासारखी झाली आणि मग भस्सकन पूर्वेच्या अंगाने सांडली. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला. आजीने उन्हाकडे तोंड करून हात जोडले. मग काकांनी बादली खाली ठेवली आणि त्यांनीही जोडले.

उरलेलं दूध जेमतेम अर्धा पेला. त्यात थोडी साखर घालून आजीने जमलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर चमचा चमचा दिलं. धुरकट वासाचं, राखेचे कण असलेलं. ब्रशवाल्यांनी आधी चूळ भरली. बाबांची बस चुकली.

पुढच्या वर्षी रथसप्तमीला सकाळी सातच्या आधीच आमची बेल वाजली. दारात माकडटोपी. एका हातात गच्चीची किल्ली, दुसऱ्या हातात बादली.

‘आजी, आज वारं फिरलंय,’ काका म्हणाले. ‘कुठल्या बाजूला उभं राहू?’