तीळ थांबतो, मग मेलॅनोमा का थांबत नाही?

नमस्कार मंडळी. माझ्या कामाची सुरुवात एका काळ्या ठिपक्यापासून झाली, तिथूनच सांगते.

बाटलीत वाढवलेल्या पेशी सोडवून नळीत घेतल्या आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या, की त्या तळाशी बसतात. बहुतेक पेशींचा हा गाळ पांढुरका असतो. मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. रंग तयार करणाऱ्या मेलॅनोमाच्या पेशींचा गाळ मात्र काळा कुळकुळीत. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी ती नळी उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिले होते. त्या गाळातून डीएनए काढला, तर तोही तपकिरी आला. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, लावला. त्या प्रती जेलवर पट्टीसारख्या दिसायला हव्यात, पण काहीच दिसेना. मी प्रायमर बदलले, तापमान बदललं, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग लक्षात आलं, की मेलॅनिन हे रंगद्रव्य डीएनएबरोबरच खाली उतरतं आणि पीसीआरच्या एन्झाइमचं काम बंद पाडतं. नमुना पातळ केला, थोडं अल्ब्युमिन घातलं आणि जेलवर पट्टी उमटली. हा रंग जपून ठेवणारी पेशी एरवी करते तरी काय, हे बघायची ओढ मला तेव्हा लागली, ती आजवर सुटलेली नाही.

तर ही निरोगी रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ती बसलेली असते आणि तिला फांद्यांसारखे लांब हात असतात. एक रंगपेशी आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. मेलॅनिनच्या बारीक पुड्या ती या हातांवाटे शेजारणींकडे पोचवते आणि त्या शेजारणी तो रंग आपल्या केंद्रकावर छत्रीसारखा धरतात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून डीएनए वाचतो तो असा. माणसामाणसांच्या वर्णात एवढा फरक दिसतो, पण रंगपेशींची संख्या सगळ्यांमध्ये जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पुड्यांच्या आकारात, संख्येत आणि आतल्या रंगाच्या जातीत. वर्णावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांना हे मला नेहमी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावंसं वाटतं.

पण ही पेशी मुळात कातडीतली नव्हेच. गर्भात मज्जारज्जू तयार होत असताना त्याच्या वरच्या कडेला पेशींची एक पट्टी असते, तिला मज्जाशिखा म्हणतात. आतड्यातल्या नसा, चेहऱ्याची बरीचशी हाडं आणि रंगपेशी या सगळ्यांचं मूळ तिथे. तिथून निघून या पेशी गर्भभर प्रवास करतात. काही कातडीत पोचतात, काही डोळ्यात, काही थेट आतल्या कानात. कानात रंगपेशींचं काय काम, असं तुम्ही विचाराल. तिथे त्या नसतील, तर माणसाला ऐकू येत नाही. वार्डेनबर्ग सिंड्रोम असलेल्या काही लोकांच्या कपाळावर जन्मापासून पांढरी बट असते, एखादा डोळा निळा असतो आणि त्याचबरोबर बहिरेपणही असतं.

या सगळ्यामागे एक जनुक सापडलं. १९४२ मध्ये पाउला हर्टविग यांनी बारीक डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांचं वर्णन केलं होतं. त्यामागचं जनुक हाती यायला १९९३ उजाडलं. त्याचं नाव एमआयटीएफ. पुढच्याच वर्षी, वार्डेनबर्गच्या एका प्रकारात माणसातही तेच जनुक बिघडलेलं असतं, हे दिसलं. रंगपेशी जन्मणं, जगणं, रंग तयार करणं, सगळ्याचा कारभार या जनुकाकडे. माझी उमेदीची वर्षं याच्यामागे गेली.

मेलॅनोमाच्या पेशींमधलं एमआयटीएफ कमी केलं तर त्या मरतील, अशी माझी अटकळ होती. काही मेल्या, काहींचं विभाजन मंदावलं. पण उरलेल्या काही पेशी बारीक, लांबट झाल्या आणि जागा सोडून सरकू लागल्या. मला वाटलं, प्रयोगात काहीतरी चुकलं. २००६ मध्ये कॉलिन गोडिंग यांच्या गटाचा लेख वाचला तेव्हा उलगडा झाला: एमआयटीएफ कमी झालं, की मेलॅनोमाची पेशी वाढणं आवरतं घेते आणि आजूबाजूला घुसू लागते. म्हणजे वाढणं एक आणि पसरणं वेगळं, आणि पेशी या दोन्हींमध्ये ये-जा करू शकते. पसरायची कला कर्करोगाने नव्याने शोधलेली नसते. गर्भात असताना हाच प्रवास या पेशीच्या घराण्याने केलेला असतो, आणि ती वाट ती विसरलेली नसते.

आता तिळाकडे येते. २००२ मध्ये बीआरएएफ या जनुकातला बदल सापडला. एका ठरावीक जागी डीएनएचं एक अक्षर बदलतं आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत मिळत राहतो. मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये हा बदल असतो. प्रयोगशाळांमध्ये केवढा आनंद झाला होता! पण माझ्या मते त्याहून मोलाचा शोध लागला तो २००३ मध्ये: तुमच्या-आमच्या अंगावरच्या साध्या, निरुपद्रवी तिळांमध्येही बहुधा हाच बदल असतो. त्या पेशी काही काळ वाढतात आणि थांबतात. दशकानुदशकं थांबून राहतात. मग बाकीच्या का थांबत नाहीत?

थांबवणाऱ्यांपैकी एक आहे पी१६ नावाचं प्रथिन. ज्या घराण्यांत ते बिघडलेलं असतं, तिथे पिढ्यानपिढ्या मेलॅनोमा दिसतो. पण पी१६ एकट्याने सगळे तीळ रोखून धरतं, असं म्हणता येत नाही. शेजारच्या पेशी आणि प्रतिकारशक्ती यांचाही त्यात हात असतो. हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

औषधांचं सांगायचं तर, मी या क्षेत्रात आले तेव्हा दूर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरही जगत नसत. १९७५ मध्ये आलेलं डकार्बाझिन हेच बराच काळ मुख्य औषध होतं. मग २०११ या एका वर्षात दोन नवी औषधं आली. बीआरएएफला अडवणाऱ्या वेमुराफेनिबने काही आठवड्यांत गाठी विरघळताना दिसायच्या. पण बहुतेकांमध्ये काही महिन्यांनी त्या परत यायच्या. औषधातून वाचलेल्या काही पेशी रंगपेशीचं रूप टाकून मज्जाशिखेच्या जुन्या रूपाकडे गेलेल्या असतात. दुसरं औषध इपिलिमुमॅब, प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारं. त्यामागच्या कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन यांना आणि अशाच दुसऱ्या ब्रेकच्या शोधासाठी तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. या प्रकारची दोन औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी साधारण ४३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते. हा आकडा वाचला त्या दिवशी मी दुसरं काहीच काम केलं नाही.

या उपचारात काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग येतात. जागी झालेली प्रतिकारशक्ती निरोगी रंगपेशींनाही मारते, कारण निरोगी आणि कर्करोगाच्या रंगपेशींची ओळख एकच. आणि असे डाग येणाऱ्या रुग्णांची प्रकृती अनेकदा अधिक चांगली राहते.

सध्या माझं काम तळहात, तळपाय आणि नखाखाली होणाऱ्या मेलॅनोमावर आहे. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांना मेलॅनोमा क्वचितच होतो, पण झाला तर बऱ्याचदा याच जागी. बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये ते वारले, तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते. इथे उन्हाचा हात फारसा नसतो, बीआरएएफचा बदल कमी वेळा सापडतो आणि प्रतिकारशक्तीची औषधंही तितकी लागू पडत नाहीत. निदान उशिरा होतं, कारण तळपाय कुणी निरखून बघत नाही. नखात नवी काळी रेघ आली आणि रुंदावत गेली, तळव्यावरचा डाग आकार बदलू लागला, तर कृपा करून लगेच कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही निघत नाही, तरीही दाखवा.

म्हणून मी पुन्हा निरोगी पेशीकडे वळले आहे. तळपायाच्या रंगपेशी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कशा, हे आधी समजून घ्यायचं आहे. या पेशी बाटलीत फार सावकाश वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पोषकद्रव बदलावं लागतं आणि गाळ दिसण्याइतक्या त्या जमायला कित्येक आठवडे जातात. एक बाटली सध्या अर्धी भरली आहे.