पेरातला पू

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं वावर. सकाळचं दव. कापसाची वेचणी सुरू.)

वेचणीचे पैसे किलोवर. त्यामुळे बोटाला टोचलं म्हणून इथं कोणी थांबत नाही. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. रक्त लुगड्याला पुसायचं आणि पुढचं बोंड धरायचं.

बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पण टोक पेराच्या सांध्यावर, बोट वाकलेलं असताना रुतलं तर? तिथं कातडी आणि सांधा यांच्यात अंतर कितीसं, काही मिलिमीटर. धुऱ्यावरच्या बाभळीचा काटा तर आतच मोडून राहतो.

(दृश्य : सुजलेली तर्जनी, जवळून.)

"रातभर डोयाले डोया नाही लागला. बोट नुसतं ठणकून रायलं," मावशी सांगतात. हळद लावून झाली, भाजलेला कांदा बांधून झाला, गावात एक इंजेक्शनही घेऊन झालं. बोट अर्धवट वाकलेलं आहे. डॉक्टर ते जरा सरळ करू पाहतात, तशा मावशी हात ओढून घेतात. डॉक्टरांना हीच खूण हवी होती. सूज कातडीपुरती असेल तर बोट थोडंफार हलू देतं, सांध्यात पू भरला की तीळभर हालचालही सोसत नाही.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. जंतू आत शिरले, बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस, की त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींची विकरंच कूर्चा खायला लागतात. गेलेली कूर्चा परत येत नाही. "वेचा उरकला की येतो" म्हणणाऱ्याचं नुकसान असं गुपचूप होत असतं, आणि साखरेचा आजार असेल तर ते आणखी झपाट्यानं.

पुरुषांच्या हाताची एक वेगळीच तऱ्हा. मुठीच्या उंचवट्यावर छोटीशी जखम, आणि विचारलं तर "पत्रा लागला". खरं म्हणजे समोरच्याचा दात लागलेला असतो. मूठ उघडली की वरची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) मागे सरकते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. डॉक्टर न रागावता पुन्हा विचारतात, कारण औषध त्यावर ठरतं.

(दृश्य : ऑपरेशन थिएटर.)

मावशींची भीती एकच, बोट कापतील. प्रत्यक्षात हे ऑपरेशन म्हणजे बरंचसं धुणं आहे. हात तेवढा बधिर करतात. रक्त थांबवायला दंडाला पट्टा बांधण्याआधी हात नुसता उंच धरतात. एरवी पट्टी गुंडाळून रक्त वर दाबतात, इथं तसं केलं तर पूही वर सरकेल. मधल्या पेराला चीर बाजूनं देतात, कारण बोट सरळ करणारी शीर पाठीकडून येऊन तिथंच चिकटलेली असते. पहिला पू तपासणीला जातो. मग सलाइन सोडत राहायचं, गढूळ पाणी नितळ येईपर्यंत. मेलेला भाग खरवडून निघतो. काट्याचा तुकडाही. तो एक्स-रेत दिसला नव्हता, सोनोग्राफीत दिसला. जखम घट्ट शिवत नाहीत. गरज पडली तर एक-दोन दिवसांनी पुन्हा धुतात.

अँटिबायोटिक किती दिवस, यावर २०१९ साली जिनिव्हातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेले १५४ रुग्ण, त्यांतले ९९ हाता-मनगटाचे. २ आठवडे औषध घेतलेले आणि ४ आठवडे घेतलेले, दोघांचा निकाल जवळपास सारखाच. रोजावर जगणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही.

(दृश्य : वॉर्डाची खिडकी. हात उशीवर उंच.)

सांधा पार खराब झालेला असता, तर हाडं जुळवून बोट कायमचं एका कोनात बसवावं लागलं असतं. तर्जनी साधारण ४० अंशांत, म्हणजे विळा धरता येतो, भाकर थापता येते. मावशी त्याआधी पोचल्या. तिसऱ्या दिवसापासून व्यायाम : मूठ मिटा, उघडा, पुन्हा मिटा. दुखतं, पण बसून राहिलं तर सांधा धरतो.

"मावशी, पंधरा दिवस वेचणी नाही."

मावशी होकार देतात. मग डावा हात पुढे करून त्याच्याकडे बघत विचारतात, "अन् ह्या एका हातानं?"